गोदावरी आणि तिचे खोरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदावरीबद्दल मला येणारे निम्मे प्रश्न नाशिकचे असतात आणि उरलेले बहुतेक जायकवाडीचे. नागपूरचा माणूस कधीच काही विचारत नाही, कारण आपण गोदावरीच्या खोऱ्यात राहतो हे त्याच्या गावीही नसते. म्हणून ही उत्तरे एकदाच नीट लिहून काढली. माझे बालपण गंगाखेडचे, त्यामुळे मराठवाड्याकडे जरा झुकते माप पडले असेल तर सांभाळून घ्या.

गोदावरीचा उगम नेमका कुठे आहे?

नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर. डोंगरावरचे मूळ स्थान, थोडे खाली गंगाद्वार आणि गावातले कुशावर्त अशी तिन्ही ठिकाणे भाविक उगम म्हणूनच पाहतात. गौतम ऋषींनी गंगा आणली, पण ती सारखी लुप्त होऊ लागली, तेव्हा त्यांनी कुशाचे गवत आडवे घालून तिला थांबवले, म्हणून कुशावर्त, अशी कथा आहे. बेसॉल्टच्या भेगांतून पाणी कुठे दिसते, कुठे गडप होते, हे ज्याने सह्याद्रीत पाहिले आहे त्याला ही कथा रचणाऱ्यांची नजर चांगली होती हे पटेल.

अरबी समुद्र जवळ असताना ती उलट बंगालच्या उपसागराकडे का जाते?

उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर. तरी नदी १,४६५ किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. कारण दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले आहे. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला एकदम तुटतो आणि पूर्वेला मात्र अलगद उतरत जातो. नाशिकपर्यंतच्या पहिल्या तीसेक किलोमीटरमध्ये नदी साडेचारशे मीटरच्या आसपास खाली येते. उरलेले सहाशे मीटर उतरायला तिला चौदाशे किलोमीटर लागतात.

त्र्यंबकच्या परिसरात हा जलविभाजक किती बारीक आहे पाहा. डोंगराच्या पूर्वेला पडलेला थेंब आंध्रातल्या राजमहेंद्रीकडे निघतो. पलीकडच्या उताराचा थेंब वैतरणेत जातो, तिथून अप्पर वैतरणा धरणात आणि मग मुंबईच्या नळाला. हरिश्चंद्रगडावर तर तीन वाटा फुटतात. मुळेचे पाणी गोदावरीला, कोकणकड्याखालचे काळू नदीतून उल्हासला, आणि माळशेजच्या बाजूचे पिंपळगाव जोगे धरणातून कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेला.

खोरे म्हणजे नेमके काय, आणि ते किती मोठे आहे?

ज्या ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी या नदीत येतो ती सगळी जमीन म्हणजे तिचे खोरे. नदीकाठ म्हणजे खोरे नव्हे. गोदावरीचे खोरे सुमारे ३,१२,८१२ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्र राज्य ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचे. म्हणजे खोरे आपल्या राज्याहून मोठे.

यातला जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. उरलेला तेलंगण, आंध्र प्रदेश, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि ओडिशात, थोडा कर्नाटकात, आणि अगदी कणभर पुदुच्चेरीच्या यानममध्ये. उलट बाजूने पाहिले तर महाराष्ट्राची जवळजवळ निम्मी जमीन गोदावरीच्या खोऱ्यात मोडते.

मग नागपूर खरेच गोदावरीच्या खोऱ्यात येते?

येते. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागा, यवतमाळचा बराचसा कापूस, भंडारा-गोंदियाचा धान, चंद्रपूरच्या खाणी, सगळे याच खोऱ्यातले. गोसीखुर्द आणि तोतलाडोह ही धरणेही.

अकोला आणि बुलढाण्याचा उत्तर भाग मात्र तापीकडचा आहे. मधे अजिंठ्याची डोंगररांग आहे. दक्षिणेला बालाघाटची रांग गोदावरी आणि भीमा यांना वेगळे करते.

नदीचा मार्ग क्रमाने सांगाल का?

त्र्यंबक, नाशिक, नांदूर मधमेश्वर, कोपरगाव, पुणतांबा, प्रवरासंगमचे टोके, पैठण, राक्षसभुवन, शहागड, मंजरथ, गंगाखेड, नांदेड, धर्माबाद. महाराष्ट्रातली लांबी साधारण ६६८ किलोमीटर भरते. धर्माबादच्या खाली ती तेलंगणात जाते. बासर, श्रीराम सागर, धर्मपुरी, मंथनी. मग सिरोंचाला ती पुन्हा महाराष्ट्राची हद्द होऊन वाहते, हे नकाशा न पाहिलेल्यांना सहसा ठाऊक नसते. पुढे भद्राचलम, पापीकोंडलूची घळ, राजमहेंद्री, धवळेश्वरम आणि समुद्र.

मुख्य उपनद्या कोणत्या?

उजव्या काठाने दारणा, प्रवरा (मुळेला पोटात घेऊन), सिंदफणा, मांजरा, मानेर. डाव्या काठाने कादवा, शिवना, पूर्णा (दुधनेसह), प्राणहिता, इंद्रावती, शबरी.

यांतली मांजरा अवलिया आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटावर उगम पावते, लातूरवरून आग्नेयेला बिदरकडे जाते, तेलंगणात शिरते आणि तिथे चक्क उत्तरेला वळून निझामसागर ओलांडत कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. ७२४ किलोमीटर चालून ती जिथे पोचते ते ठिकाण उगमापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपासच आहे.

सर्वात जास्त पाणी कोणती उपनदी आणते?

प्राणहिता. फरक थोडाथोडका नाही. एकट्या प्राणहितेचे उपखोरे सुमारे १,०९,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे पूर्ण खोऱ्याच्या एक तृतीयांशाहून थोडे जास्त. त्यात इंद्रावती आणि शबरी मिळवल्या की राजमहेंद्रीच्या पुलाखालून जाणाऱ्या पाण्यात निम्म्याहून बराच मोठा वाटा या तिघींचा निघतो. नाव नाशिकचे, पाणी वैनगंगेचे आणि बस्तरचे, असा सगळा प्रकार.

कारण पावसात आहे. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात, इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडतात आणि घाट उतरताच कोरडे होतात. सिन्नर, कोपरगाव, नेवासे, गेवराई हा पट्टा पर्जन्यछायेत, तिथे पाचशे ते सातशे मिलिमीटर. नदी आपल्या पहिल्या पाच-सहाशे किलोमीटरमध्ये याच तहानलेल्या प्रदेशातून जाते. पूर्व विदर्भ आणि बस्तरला मात्र दुसऱ्या बाजूने पाऊस येतो. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकतात आणि वाटेत बाराशे ते पंधराशे मिलिमीटर ओतून जातात.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मे महिन्यात गंगाखेडला या आणि त्याच आठवड्यात सिरोंचाला जा. आमच्याकडे लहानपणी उन्हाळ्यात पात्रात फक्त वाळू असायची. बाया वाळूत हातभर झिरा खांदायच्या, तळाशी पाणी पाझरेपर्यंत बसून राहायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. पाणी गढूळ आले की पहिल्या चार वाट्या बाहेर टाकायच्या. ऑगस्टमध्ये वरून पाणी सुटले की आई नुसते म्हणायची, "गंगा आली." सिरोंचालाही मे महिन्यात वाळू आहेच, पण तिच्यातून प्राणहितेचा निळा प्रवाह वाहत असतो. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा खरे सांगायचे तर थोडा मत्सर वाटला.

गोदावरीला "गंगा" का म्हणतात?

पाठ्यपुस्तकात दक्षिण गंगा, बोलण्यात नुसती गंगा. काठच्या प्रदेशाला गंगथडी, गावाला गंगाखेड, आणि नाशिकला रामकुंडाकडे निघालेली म्हातारी "गंगेवर जाऊन येते" म्हणते. काशीच्या गंगेशी गल्लत होऊ नये म्हणून वेगळे काही सांगावे लागत नाही. संदर्भाने कळते.

नाशिकला पूर मोजायला दुतोंड्या मारुती का पाहतात?

रामकुंडाजवळ पात्रातच दोन तोंडांचा मारुती उभा आहे. पाणी त्याच्या पायाला लागले, कमरेला लागले, छातीला आले, यावरून जुने नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडले हे बातमीत येते, पण पंचवटीतला भांडीवाला दुकानातला माल कधी हलवायचा हे मारुतीकडे बघूनच ठरवतो. मारुती बुडाला की सराफ बाजाराकडे पाणी चढणार हे ठरलेले. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागणे ही त्याच्या पुढची पायरी. १९६९ आणि २००८ चे पूर अजून सांगितले जातात.

यात मानवी हातभारही आहे. त्र्यंबक गावात नदीवर स्लॅब, नाशिकला काठाला काँक्रीट आणि पूररेषेच्या आत बांधकामे. तेवढ्याच पाण्याला आता जागा कमी मिळते.

आणि खालचे पूर?

त्यांची जातच वेगळी. भद्राचलमला नदी ४३ फुटांवर पोचली की पहिला इशारा, ४८ ला दुसरा, ५३ ला तिसरा. ऑगस्ट १९८६ मध्ये ती ७५.६ फुटांवर गेली होती. जुलै २०२२ मध्ये ७१ फुटांच्या वर. त्याच काळात गडचिरोलीत भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तिन्ही नद्या फुगतात, पर्लकोटेवरून पाणी गेले की तालुका बाकी जगापासून तुटतो. हे जवळजवळ दर पावसाळ्यात होते आणि मुंबई-पुण्याच्या बातम्यांत दोन ओळींत संपते.

जायकवाडीचा वाद नेमका काय आहे?

आधी धरण समजून घ्या. पैठणला गोदावरीवर सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे, जलाशयाचे नाव नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला २६ मृतसाठा आणि ७६ च्या वर जिवंत साठा. पूर्ण भरले की पातळी १,५२२ फूट. मराठवाड्यात पावसाळ्यात हा आकडा क्रिकेटच्या धावसंख्येसारखा विचारला जातो.

धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर. पण पाणी देणारा भाग त्यातला फक्त पश्चिमेचा चिंचोळा घाटपट्टा, आणि तिथेच दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा, निळवंडे, मुकणे, पालखेड अशी धरणांची माळ. दारणा १९१६ चे, भंडारदरा १९२६ चे, म्हणजे जायकवाडीच्या किती आधीचे. पाऊस बरा झाला तर वरची भरून पाणी खाली येते आणि कोणी कोणाशी भांडत नाही. पाऊस ओढला की वरची धरणे भरतात आणि नाथसागर रिकामा राहतो.

राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात टंचाई खोऱ्यातल्या सर्वांनी वाटून घ्यावी असे तत्त्व आहे. मेंढेगिरी समितीने त्याचे गणित मांडले आणि २०१४ मध्ये राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत खरिपाचा वापर धरून ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडायचे. २०२३ मध्ये तसे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला.

नगर-नाशिकचे शेतकरी म्हणतात, आमची धरणे आधीची, आमच्या आवर्तनावर उभ्या पिकांचे काय, आणि सोडलेले पाणी वाळूत व वाटेत मुरते त्याचे काय. मराठवाडा म्हणतो, धरण बांधताना गृहीत धरलेले पाणी वर अडवले, आता हक्काचे तरी द्या. माझे मत विचाराल तर दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि दोघेही उसाचा विषय निघाला की खाकरतात.

दुसऱ्या राज्यांशी वाद नाही का?

होता, पण कृष्णेइतका चिघळला नाही. बच्छावत लवादाने १९८० मध्ये निवाडा दिला, तोही बराचसा राज्यांनी आपसांत केलेल्या करारांवर. पैठणपर्यंतचे सगळे पाणी आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे, त्याच्या खाली पोचमपाडपर्यंत (म्हणजे श्रीराम सागर धरणापर्यंत) आणखी ६० टीएमसी. म्हणूनच जायकवाडीचे भांडण घरातले राहिले.

धर्माबादजवळचा गोदावरीवरचा बाभळीचा बंधारा मात्र न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तोडगा काढला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि साठा २.७४ टीएमसीच्या आत. परिणाम असा की नदी भरून वाहते तेव्हा दारे उघडी आणि दारे लागतात तेव्हा पावसाळा आटोपलेला. धर्माबादच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगणे अवघड जाते.

खाली मेडिगड्डा बॅरेज २०१९ मध्ये सुरू झाले, प्राणहितेच्या संगमाच्या थोडे खाली. २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. फुगवट्याने शेती बुडते ही सिरोंचा तालुक्याची तक्रार त्याआधीपासूनची.

लातूरला रेल्वेने आणलेले पाणी कुठल्या नदीचे होते?

कृष्णेचे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटले तेव्हा मिरजेहून "जलदूत" गाडी सुटली. आधी दहा वाघिणींत पाच लाख लिटर, मग पन्नास वाघिणींत पंचवीस लाख. लातूर गोदावरीच्या खोऱ्यात, मिरज कृष्णेच्या. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पाणी नेण्यावर आपल्याकडे दशकानुदशके अहवाल लिहिले जातात. इथे ते चाकांवर गेले.

उलट दिशाही आहे. आंध्रात पट्टिसीमा उपसा योजनेतून गोदावरीचे पाणी विजयवाड्याला कृष्णेत जाते.

खोऱ्यात सगळीकडे काळी मातीच आहे का?

नाही. नांदेडपर्यंत बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्याची काळी कापसाची जमीन. पुढे दगड बदलतो. वर्धा-प्राणहिता-गोदावरीच्या दरीत त्याहून कितीतरी जुने गोंडवन खडक उघडे पडले आहेत. चंद्रपूर-बल्लारपूरचा आणि तेलंगणातल्या सिंगरेणीचा कोळसा त्यातलाच. याच दरीत डायनोसॉरची हाडे सापडली, आणि सिरोंचाजवळ वडधमला झाडांचे दगड झालेले ओंडके आजही पाहता येतात.

बातम्यांत "केजी बेसिन" येते ते हेच खोरे का?

नव्हे. कृष्णा-गोदावरी बेसिन म्हणजे दोन्ही नद्यांच्या मुखाशी आणि समुद्राखाली साचलेल्या गाळाच्या थरांचा भूगर्भीय प्रदेश. वायू आणि तेल तिथे. पावसाच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही.

नदी समुद्राला कशी मिळते?

धवळेश्वरमला तिचे फाटे होतात. मुख्य दोन, गौतमी आणि वसिष्ठा, पुढे वैनतेय वगैरे. परंपरा सात मुखे मानते आणि त्यांना सप्तर्षींची नावे देते. त्र्यंबकला गौतम ऋषींपासून निघालेली नदी शेवटी गौतमी होऊनच समुद्रात जाते, हे मला आवडते. फाट्यांमधला कोनसीमा नारळ आणि भाताने दाटलेला, कोकणातला माणूस तिथे सहज रमेल. काकीनाड्याजवळ कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे.

या भागाची सुबत्ता आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याच्या १८५२ मध्ये पुऱ्या झालेल्या बंधाऱ्यापासूनची. तिथे त्याचे पुतळे आहेत, लोक हार घालतात. वऱ्हाडचा कापूस याच नदीतून बोटीने किनाऱ्याला न्यायचा घाटही त्या काळी घातला गेला होता. खडकांच्या धबधब्यांनी तो हाणून पाडला आणि कापूस रेल्वेने मुंबईला गेला.

पूर्णा नदी तापीची की गोदावरीची?

दोन वेगळ्या नद्या. अकोल्याकडची तापीला मिळते, येलदरी-सिद्धेश्वरची परभणी जिल्ह्यात गोदावरीला. गुजरातेत तिसरीही आहे.

टीएमसी आणि क्युसेक यांचा मेळ कसा घालायचा?

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. तो वेग. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. तो साठा. एक लाख क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की ८.६ टीएमसी पाणी जाते. २०२३ मध्ये ज्यावरून मोर्चे निघाले ते पाणी बरोबर इतकेच होते. ऑगस्ट १९८६ च्या पुरात धवळेश्वरमला नदी ३५ लाख क्युसेकने वाहत होती. त्या वेगाने जायकवाडीचा सगळा जिवंत साठा भरायला सहा तास लागले असते.